व्होडकाच्या बाटल्या आणि पहिला विश्वचषक

आज एका खेळाच्या गमती सांगते. खेळाचं नाव रग्बी. चेंडू अंड्यासारखा लांबट. तो हातात धरून पळायचं, पण हाताने पुढे फेकायचा नाही, मागच्या गड्याकडेच द्यायचा. समोरचा येऊन कमरेला मिठी मारून आडवं पाडतो. म्हणून लोक म्हणायचे, हा काही बायकांचा खेळ नव्हे.

तरी 1991 साली बायकांचा पहिला रग्बी विश्वचषक झाला, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये. तो भरवला चौघींनी: डेबोरा ग्रिफिन, सू डॉरिंग्टन, ॲलिस कूपर आणि मेरी फोर्सिथ. चौघी लंडनजवळच्या रिचमंड क्लबच्या. रग्बीच्या जागतिक संस्थेने पाठिंबा दिला नाही. मग काय, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात देशोदेशी पत्रं पाठवणं, मैदानं ठरवणं, हिशेब ठेवणं सगळं यांनीच केलं. पाहुण्या संघांनाही सांगितलं, आपापला खर्च आपणच करा. तरी बारा देशांचे संघ आले!

त्यांत एक सोव्हिएत रशियाचा. त्यांची अडचण वेगळीच. त्यांच्या देशातून परदेशी चलन बाहेर न्यायला बंदी. हातात पैसा नाही, मग खायचं काय, राहायचं कुठे? या बायांनी सामानात भरल्या व्होडकाच्या बाटल्या, माशाच्या खारवलेल्या अंड्यांचे डबे आणि एकीच्या पोटात दुसरी बसणाऱ्या लाकडी बाहुल्या. विकू, आणि त्यावर भागवू!

आता दारू म्हटली की आपल्या कपाळाला आठ्या पडतात, ठाऊक आहे मला. पण घरातून निघताना शिदोरीऐवजी विकायचा माल बांधून घेणाऱ्या बाईची अक्कल आपल्याला कळते. आठवडी बाजाराला जाताना आपणही अंडी नि भाजी घेतोच की, येताना तेल-मीठ आणायला.

बाजार मांडला, आणि कस्टमचे अधिकारी दारात! विश्वचषक भरवणाऱ्या चौघींच्या पोटात गोळा आला असेल. पण कारवाई काही झाली नाही. उलट बातमी छापून आल्यावर तिथले लोकच मदतीला धावले. मैदानावर मात्र अमेरिकेने त्यांना 46-0 असं हरवलं. भूक नि दगदग होती म्हणून म्हणावं, तर अमेरिकेचा संघच जबर होता. विश्वचषकही त्याच घेऊन गेल्या.

अंतिम सामना कार्डिफला, 14 एप्रिलला, इंग्लंडशी. इंग्लंडकडून खेळत कोण होतं? आपली सू डॉरिंग्टन! म्हणजे मांडव घालणारीच बोहल्यावर. इतके दिवस पैशांची जुळवाजुळव, आणि त्या दिवशी बूट बांधून थेट मैदानात. इंग्लंड हरलं, 19-6. आपणच भरवलेल्या जत्रेत आपल्याच हातून नारळ निसटावा, तसं झालं.

जागतिक संस्थेने या विश्वचषकाला पुढे, 2009 साली, अधिकृत मानलं. अठरा वर्षांनी!

2025 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानात झाला. 81,885 लोक बघायला आले, आणि या वेळी इंग्लंडच्या मुलींनी कॅनडाला 33-13 असं हरवलं. त्याच वर्षी डेबोरा ग्रिफिन इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. 1871 साली निघालेली ही संघटना. त्या खुर्चीवर बसणारी ही पहिली बाई.