यकृत शाबूत, वाट बंद

मूल एकाएकी रक्त ओकते, पानथरी वाढलेली आढळते, आणि घरची मंडळी समजतात की यकृत गेले! आम्हा शल्यवैद्यांना येथेच सांगावयाचे आहे : पुष्कळदा यकृत शाबूत असते. आतडी व पानथरी यांचे रक्त यकृताकडे नेणारी पोर्टल नीला तेवढी गुठळीने बुजलेली असते. पाट तुंबला की पाणी बांध फोडते. तशा अन्ननलिकेतील शिरा फुगून फुटतात.

प्रथम दुर्बिणीतून त्या शिरा बांधतात. तेवढ्याने भागले नाही, तर पानथरी काढून तिची नीला डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस जोडतात. रक्त यकृत टाळून जाते. सिरॉसिसच्या रोग्याला यातून मेंदूवर गुंगी येण्याचे भय मोठे; धडधाकट यकृताला ते फार कमी. १९९२ साली ब्रुसेल्सच्या शल्यवैद्यांनी तर बुजलेली जागा ओलांडून रक्त पुन्हा यकृतातच पोचविणारी जोडणी प्रसिद्ध केली.

तेव्हा अशा मुलाला तत्काळ रुग्णालयात न्या. आणि रक्त थांबल्यावर विचारा, ‘यकृत बिघडले आहे, की वाट बुजली आहे?’ या उत्तरावर त्याचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून आहे.