सरळ न जाणारी गाडी

हातांत एक लहानशी पेटी, तिच्यावर एक चाक व बंदुकीला असतो तसा एक घोडा, आणि वीस पावलांवर धांवणारी हातभर लांबीची मोटारगाडी! ज्या जातीच्या लहरींवर स्वार होऊन हें भाषण श्रोत्यांच्या दिवाणखान्यांत शिरत आहे, त्याच जातीच्या लहरी त्या पेटीची आज्ञा गाडीपर्यंत नेतात. पूर्वीं हें काम बहुधा २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास चाले. आतां तें २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतें. जपानच्या टामिया कारखान्यानें १९७६ सालीं आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी, पोर्शे ९३४, बाजारांत आणली. आणि मुलांइतकेच त्यांचे वडीलही या खेळाच्या नादीं लागले.

या गाडीची एक खोड मात्र भल्याभल्यांना चक्रावून सोडते. सावकाश चालविली तर ती दोरी धरल्यासारखी सरळ जाते. घोडा पुरा ओढतांच एका बाजूला झेपावते. दीड किलो वजनाची वस्तु ताशीं तीस-चाळीस किलोमीटर वेगानें मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोराच्या नडगीकडे वळली, म्हणजे तिला खेळणें म्हणवत नाहीं.

अशा वेळीं हात जातो तो ट्रिमकडे. ट्रिम म्हणजे पेटीवरची एक बारीक खुंटी. ती फिरविली कीं पुढच्या चाकांची ‘सरळ’ ही स्थितीच थोडी डावी-उजवीकडे सरकते. एका घरांतील चौदा वर्षांच्या मुलानें हाच उपाय केला. त्याची गाडी मागच्या चाकांवर चालणारी. ती उजवीकडे ओढते, म्हणून त्यानें ट्रिम डावीकडे घेतली. भर वेगांत गाडी सरळ गेली व स्वारी खूष झाली. पण मैदानाच्या टोंकाशीं घोडा सोडतांच उजवी ओढ नाहींशी झाली, डावी ट्रिम तेवढी उरली, आणि गाडी डाव्या हाताच्या कठड्यावर आदळली. पुढच्या चाकाचा प्लॅस्टिकचा दांडा मोडला. वडिलांचा निकाल तयारच होता: गाडीच वाईट, आतां दुसरी मिळणार नाहीं.

गाडी वाईट नव्हती. ट्रिम अष्टौप्रहर लागू असते. हा रोग तर जोर दिल्यावरच प्रकट होतो. तेव्हां ट्रिम लावावयाची ती घोडा सोडून गाडी नुसती घरंगळत असतांना सरळ जाईल इतकीच. त्यापुढचा शोध चाकांपाशीं घ्यावयाचा.

घोडा ओढला म्हणजे गाडीचा भार मागें सरकतो व मागचीं चाकें जमिनीला रेटूं लागतात. दोहोंचा रेटा सारखा असेल तर गाडी सरळ जाते. डाव्या चाकाचा रेटा वाढला तर तोंड उजवीकडे वळणारच. होडींत डाव्याच वल्ह्याला जोर दिल्यावर होतें तसें. आतां एका चाकावर भार कमी असला आणि दोन चाकांमधील डिफरन्शियल घट्ट असलें, तर हलकें चाक घसरतें व जड चाकच गाडी ढकलूं लागतें. टायर एका बाजूचे झिजलेले किंवा रिंगेवरून सुटलेले असले तरी तोच प्रकार होतो. पुढच्या चाकांनाही शक्ति पोहोंचविणाऱ्या गाड्यांत आणखी एक भानगड असते: जोर येतांच तीं चाकें पुढें ओढलीं जातात, आणि एका बाजूचे सांधे ढिले असले तर तेंच चाक आंत वळतें. तेथें चाक बोटांत धरून हलवून पाहिलें कीं खुळखुळ लगेच कळते.

भार तपासण्याची रीत फार सोपी आहे. बॅटरी तिच्या जागीं ठेवून, पण तिची तार सोडवून, गाडी सपाट काचेवर ठेवावी आणि मागच्या बाजूच्या अगदीं मध्याखालीं सुरीचें टोंक धरून हळूच उचलावें. दोन्ही चाकें एकदम सुटलीं तर ठीक. मोडका दांडा बदलल्यावर त्या मुलानें असेंच उचलून पाहिलें.

“बाबा, उजवें आधीं सुटतें!”

वडिलांना तें खरें वाटेना. त्यांनीं सुरी आपल्या हातीं घेतली. पुन्हां उजवेंच. मग दोघांनीं मागच्या स्प्रिंगा पाहिल्या. डाव्या स्प्रिंगेवरची चाती उजवीपेक्षां चांगले दोन फेरे खालीं उतरलेली होती. मागें केव्हां तरी तेल बदलतांना ती फिरली असावी. स्प्रिंग अधिक दाबली गेल्यामुळें तें चाक जड आणि शेजारचें हलकें झालें होतें. चाती वर घेतली. चाकें एकदम सुटेपर्यंत तीन वेळां उचलून पाहिलें. शेवटीं डिफरन्शियल थोडें सैल केलें आणि ट्रिम पुन्हां घरंगळत्या गाडीवर लावली.

दुसऱ्या दिवशीं मैदानावर प्रथम पेटी सुरू केली, मग गाडी. हा क्रम चुकवूं नये, नाहीं तर गाडी आपल्याच मतानें निघूं शकते. घोडा पुरा ओढला. गाडी पन्नास पावलें सरळ गेली, सोडल्यावरही सरळच थांबली, आणि मुलाच्या आधीं वडिलांनींच ती उचलून आणली.