दीर्घ पल्ल्याची धाव
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आपल्या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची भाषणे झाली. आम्ही विद्वान नव्हे आणि क्रीडापटू तर मुळीच नव्हे. तथापि गेल्या डिसेंबरात, वयाच्या 56 व्या वर्षी, आम्ही पुण्यातील लकडी पुलापासून खडकवासल्याच्या धरणापलीकडे आणि तेथून परत असे 32 किलोमीटर अंतर धावून पूर्ण केले. ही शर्यत नव्हती. मॅरेथॉनच्या तयारीतील ती सर्वांत लांब सरावाची धाव होती. तिच्याविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आपल्यापुढे उभे आहोत.

मॅरेथॉनचे अंतर 42.195 किलोमीटर. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथम योजले गेले आणि 1921 मध्ये कायमचे ठरले. हे खूळ परदेशी, आपले त्याच्याशी काय नाते, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारण्यात येतो. नाते आहे, आणि ते जुने आहे. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांच्यासमवेत सदाशिव दातार मॅरेथॉनसाठी उभे राहिले. त्या वर्षीचा मार्ग तर 42.75 किलोमीटरांचा होता. चौगुले यांनी तो 2 तास 50 मिनिटांच्या किंचित पुढे पार करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. ज्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यतींतून ते पुढे आले, तो आमच्या आरंभस्थानापासून हाकेच्या अंतरावर आहे. शंभर वर्षांपूर्वी हे घडले असताना आपण या विद्येस परकी म्हणावे, हे उचित नव्हे.

मग 42 च्या तयारीसाठी 32 च का? याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. आपण खाल्लेल्या भाताभाकरीतील शर्करेचा काही भाग ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठविला जातो. हा साठा मर्यादित असतो. धावताना शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्च होते, असे स्थूल मान आहे. साठ किलो वजनाच्या मनुष्यास 32 किलोमीटरांत एकोणीसशेच्या आसपास कॅलरी लागतात, आणि साधारणपणे याच सुमारास कोठार रिते होऊ लागते. पाय शिशाचे होतात, मन खिन्न होते. धावणारे याला ‘भिंत’ म्हणतात. या भिंतीपर्यंत सावकाश जाऊन परत येण्याचा अभ्यास केला, म्हणजे शरीर चरबीचे इंधन अधिक प्रमाणात जाळू लागते, स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी हे तत्त्व जगास दाखवून दिले. ते आपल्या शिष्यांना दर रविवारी ऑकलंडजवळच्या डोंगरवाटांवर 22 मैल धावावयास लावीत. त्यांत पीटर स्नेल होता. त्याची शर्यत अवघी 800 मीटरची! 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचे आणि हालबर्गने 5000 मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तर मॅगीने मॅरेथॉनचे कांस्य मिळविले. पाया रुंद असला म्हणजे त्यावर कोणतीही इमारत उभी राहते, हाच त्याचा अर्थ.

आता आमच्याविषयी. आमचे आजोबा आणि आमचे वडील दोघेही हृदयविकाराने साठीच्या आत गेले. वडील गेले तेव्हा 56 वर्षांचे होते. आम्ही चोपन्न वर्षांचे झालो तेव्हा आमच्या कन्येने विचारले, “बाबा, आपल्या घरात साठीशांत कुणाची झालीच नाही का हो?” त्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही वैद्यकीय तपासणी करून घेतली, हृदयाची ताण-चाचणी दिली आणि डॉक्टरांच्या अनुज्ञेने चालावयास आरंभ केला. तीन महिने केवळ चालणे. मग चालता चालता एक मिनिट धावणे. वर्षअखेरीस सलग 10 किलोमीटर. पुढे रविवारचे अंतर एक-दोन किलोमीटरनेच वाढवावयाचे आणि दर चौथ्या आठवड्यास ते कमी करून शरीरास विसावा द्यावयाचा, असा नेम ठेवला. दोन वर्षांचा हा हिशेब आहे. यात चमत्कार काहीही नाही.

त्या रविवारी पहाटे साडेचारला निघालो. आदल्या रात्री साधा वरणभात, निघण्यापूर्वी एक केळे. कन्या सायकलवर बरोबर होती. तिच्या पिशवीत मीठ-साखर-लिंबाचे पाणी, खजूर आणि गुळाचे खडे. विठ्ठलवाडी, वडगाव, नांदेड फाटा अशी गावे अंधारातच मागे पडली. दोन तासांनी धरण ओलांडून सोळावा किलोमीटर गाठला, तेव्हा पूर्व उजळत होती आणि सिंहगडाची रेषा स्पष्ट होत होती. 1961 च्या जुलैत पानशेतपाठोपाठ हेच धरण फुटून पुणे बुडाले होते. त्या प्रलयाच्या कथा आईकडून ऐकलेल्या आम्हांस ते शांत पाणी पाहून काही वेगळेच वाटले.

परतीची खरी परीक्षा विठ्ठलवाडीपाशी, सत्ताविसाव्या किलोमीटरला झाली. ऊन चढले होते, गडाकडे निघालेल्या वाहनांची रांग समोरून येत होती, मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या. थांबावे असे मनाने शंभर वेळा सांगितले. कन्या काही बोलली नाही. तिने केवळ गुळाचा खडा पुढे केला आणि सायकलची गती आमच्याइतकी मंद केली. पुढील पाच किलोमीटर आम्ही विजेच्या खांबांनी मोजले. लकडी पुलावर पोहोचलो तेव्हा 4 तास 8 मिनिटे झाली होती. टाळ्या नव्हत्या, पदक नव्हते. कन्या एवढेच म्हणाली, “बाबा, आजोबांच्या वयाला तुम्ही बत्तीस धावलात.” आम्ही कठड्याला टेकून मुकाट्याने पाणी प्यालो.

बंधुभगिनींनो, ही आत्मस्तुती नव्हे. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबे पूर्वी लेखणीवर आणि आता संगणकावर उदरनिर्वाह करणारी. बैठे काम, सणावारांची पक्वान्ने आणि त्यामागून मधुमेह व हृदयविकार, ही आपली नवी वंशपरंपरा होऊ पाहत आहे. प्रौढांनी आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दिवसास ही बावीस मिनिटेही नव्हेत! तेवढी ज्याला सापडत नाहीत, त्याला पुढे रुग्णालयात पुष्कळ वेळ सापडतो.

भगिनींविषयी विशेष सांगावयाचे आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन 1984 साली सुरू झाली. तोवर हे अंतर स्त्रीदेहास झेपणार नाही असा समज होता. आज तो कोणी उच्चारीत नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉन गाजविली आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. दुष्काळी मुलखातील कन्येस जे साधले, त्याची वाट आपल्या लेकीसुनांसाठी घराच्या उंबरठ्याशी अडू नये.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या ज्ञातिगृहाचे दार दर रविवारी पहाटे साडेपाचला उघडावे. तेथून ज्यांना चालवेल त्यांनी चालावे, ज्यांना धाववेल त्यांनी धावावे. वर्गणी नको, स्पर्धा नको, क्रमांक नको. पहिल्या दिवशी तिघे आले तरी पुष्कळ. विद्यार्थी-निधी उभारून आपण मुलांच्या विद्येची चिंता वाहिली. आता त्यांच्या आईवडिलांच्या आयुष्याचीही वाहू या. येत्या रविवारी दाराची किल्ली घेऊन आम्ही उभे राहू.