सीट मिळाली, राहायचं कुठं?

(गेल्या गणेशोत्सवात मंडळात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘आजची तरुण पिढी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्यावर गणपतीत दरवर्षी कुणीतरी बोलतंच, आणि तरुण पिढी तेवढ्यात प्रसादाला निघून जाते. मी त्या पिढीच्या खोलीविषयी बोलणार आहे. जून-जुलैत आपल्या घराघरांत हाच घोर असतो. सीट मिळाली, पण पोरगी राहणार कुठं?

मी 1974 साली बिदरहून हैदराबादला शिकायला गेलो. काचीगुड्याला आत्याचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड. तिची चार मुलं, सासूबाई, आणि त्यात मी. माझं अंथरूण स्वयंपाकघरात पडे, आणि पहाटे स्टोव्ह पेटायच्या आत ते गुंडाळावं लागे. चार वर्षं राहिलो. भाड्याचा शब्द कुणी काढला नाही. उन्हाळ्यात वडील ज्वारीचं पोतं आणि तुरीची डाळ बसच्या टपावर टाकून पाठवत, तेवढाच हिशेब. आत्याला त्याचा किती त्रास झाला असेल, हे मला स्वतःचा संसार झाल्यावर कळलं.

आपल्यातल्या जुन्या घरांत अशी एखादी आत्या, एखादा मामा हैदराबादला असायचाच. बिदर आणि तेव्हाचं गुलबर्गा दोन्ही निजामाच्या राज्यात. कोर्टकचेरी तिथं, उस्मानिया विद्यापीठ तिथं, विवेक वर्धिनीसारखी मराठी शाळाही तिथं. मग 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेरमांडणी झाली. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, आपण म्हैसूर राज्यात आलो. बिदरकरांची राजधानी एका दिवसात जवळजवळ सातशे किलोमीटर लांब गेली. राजधानी बंगळूरला गेली, पण आत्या काही तिच्यामागं गेली नाही! आजही आपल्यातल्या बहुतेकांचं बंगळुरात हक्कानं पिशवी ठेवावी असं एक घर नाही.

2012 च्या घटनादुरुस्तीनं कलम 371(जे) आलं. त्यामुळं आपल्या भागातल्या मुलांना इथल्या कॉलेजांत मोठं आरक्षण मिळालं, राज्यातल्या इतर कॉलेजांतही काही जागा मिळू लागल्या. ही फार मोठी गोष्ट झाली. पण सीट म्हणजे खोली नव्हे.

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीचं सांगतो. तिला बंगळूरला चांगल्या कॉलेजात इंजिनिअरिंगची जागा मिळाली. कॉलेजच्या वसतिगृहात नाव लागलं नाही. फोनवर फोटो पाहून एक पीजी ठरवलं, वीस हजार डिपॉझिट पाठवलं. रात्रभर प्रवास करून पहाटे बापलेक दारात पोचले, तर दोन कॉटच्या खोलीत चार कॉट. खिडकी भिंतीकडं उघडणारी. कॉलेज दोन बस बदलून. भावाला कन्नड येतं, पण मोठ्या शहरात भांडायची सवय नाही. आठ दिवसांनी तो लेकीला घेऊन परत आला. डिपॉझिट बुडालं. ती आता कलबुर्गीला बीएस्सी करते. हुशार आहे, काहीतरी करीलच. पण भावानं मला सोबत चल म्हटलं होतं, आणि घरी पाहुणे आहेत म्हणून मी गेलो नाही. ज्याला आत्यानं चार वर्षं सांभाळलं, त्याला चार दिवस काढता आले नाहीत.

तेव्हापासून मी चौकशी करत असतो. त्यातलं उपयोगाचं तेवढं सांगतो. खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि डिपॉझिट कधी, किती कापून परत मिळणार ते लिहून घ्या. पुण्यात ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोली नव्हे, फक्त कॉट. कपाट आणि पाणी वेगळं विचारावं लागतं. तिथं फ्लॅट घेतलात तर अकरा महिन्यांचा करार होतो, तो नोंदवायलाच हवा. पीजीवाला बिलात जीएसटी लावत असेल तर विचारा. महिन्याला माणशी वीस हजारांपर्यंतचं भाडं आणि सलग 90 दिवस मुक्काम असेल, तर 2024 पासून त्यावर माफी आहे.

आपल्या राज्यात वसतिगृह न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांसाठी ‘विद्यासिरी’ योजना आहे, दरमहा ठरावीक रक्कम, वर्षात दहा महिने. बंगळुरात तेवढ्यात कॉटही येत नाही, पण मेसला हातभार लागतो. पुण्याला जाणाऱ्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीकडं जरूर चौकशी करावी. अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये खेड्यातल्या गरजू मुलांसाठी ती काढली. तिथं मुलं स्वतः कामं करून राहतात. आणि लांब कशाला, आपल्या भालकीच्या हिरेमठात चन्नबसव पट्टदेवरूंनी निजामाच्या काळात बाहेर उर्दूची पाटी लावून आत कन्नड शिकवलं, गरिबांच्या पोरांना जेवूखाऊ घालून ठेवून घेतलं.

मंडळानं वसतिगृह बांधावं असं मी म्हणत नाही. मांडवाचा खर्च भागवताना खजिनदारांची काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे. पण आपल्या घरांतली कितीतरी मुलं आज पुण्यात, हैदराबादला, बंगळुरात नोकरीला आहेत. नव्या पोराला स्टेशनवर घ्यायला येणं, दोन रात्री ठेवून घेणं, सोबत चार खोल्या बघणं, एवढं त्यांच्याकडून होईल. कुणाचा मुलगा कुठं राहतो, हे आपल्याला लग्न जमवतानाच आठवतं.

म्हणून आरतीच्या टेबलाजवळ एक वही ठेवली आहे. गाव, भाग, फोन, आणि किती दिवस ठेवून घेता येईल, एवढंच लिहायचं. मुलाला आधी विचारून लिहा, नाहीतर तो माझ्यावर चिडेल. पहिल्या पानावर पुण्यातल्या माझ्या मुलाचा नंबर आहे. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण एक गादी जास्तीची आहे. दुसरं पान अजून कोरं आहे.