पाण्याचे शास्त्र कोणाच्या दारी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



जलअभियांत्रिकीचे उच्च शिक्षण हा तज्ज्ञांचा विषय, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळ कार्यकर्त्यांना वाटते. ही समजूत किती महागात पडते हे नवी मुंबईत पाहावे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी योजिली गेली. त्यातील बरीचशी खाजण आणि खारभूमी होती. तेथील शेतकऱ्यांनी मातीचे बांध घालून खाडी थोपविली आणि भात पिकविले. बांधातील उघाडी हे त्यांचे यंत्र. भरतीच्या दाबाने तिचे दार मिटे. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार लोटून जमिनीतील मीठ घेऊन खाडीत उतरे. बांधाची डागडुजी दरसाल करावी लागे, आणि ती शिस्त गावापाशी होती.

शहर उभे राहिले तेव्हा हेच तत्त्व नेदरलँडच्या धर्तीवरील धारण तलावांच्या रूपाने परत आले. भरतीच्या वेळी दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटीला बाहेर पडते. परंतु तलाव गाळाने भरले, त्यांत कांदळवन वाढले. गाळ काढावा तर कांदळवन तुटते. न काढावा तर मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की सखल वस्तीत पाणी शिरते. कांदळवनाचे संरक्षण तर झालेच पाहिजे. मग मार्ग कोणता? गाळ किती वेगाने साचतो, तलावाची धारणशक्ती किती उरली, विमानतळाच्या भरावासाठी उलवे नदी वळविल्यानंतर भोवतालच्या गावांचा निचरा कसा बदलला, हे सारे पदव्युत्तर प्रबंधांचे विषय आहेत.

खाडीपलीकडे पवईला आयआयटी आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय आहे. तेथील विद्वत्तेविषयी शंका नाही. पण जो पैसा देतो त्याची अडचण सहसा संशोधनाचा विषय होते. गावापाशी पैसा नाही, म्हणून गावाचा प्रश्न प्रबंधापर्यंत पोहोचत नाही.

हे अटळ मात्र नाही. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने खारट जमिनीत तग धरणारे भाताचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. सांगली जिल्ह्यात येरळेवरील बळीराजा धरणासाठी के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते मुक्ती संघर्ष चळवळीच्या शेतकऱ्यांबरोबर बसले. शास्त्र लोकांकडे वळते. ते वळविण्याची मागणी मात्र कोणीतरी करावी लागते.

जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी लढताना जासई परिसरात पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. जमिनीचा हिशेब त्या लढ्याने मागितला. पाण्याचा हिशेब अजून कोणी मागितलेला नाही.

म्हणून मागण्या तीन. सार्वजनिक पैशातून झालेला प्रत्येक जलविषयक अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा. प्रबंधाचा निष्कर्ष ज्या गावाविषयी आहे त्या गावाच्या सभेत विद्यार्थ्याने तो मांडावा. आणि आगरी-कोळी कुटुंबांतील मुलामुलींना या विषयाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळावी. ज्यांच्या आजोबांनी उघाडी बसविली, त्यांची नातवंडे तिचे गणित मांडू लागतील, तेव्हा विद्यापीठालाही काही नवे शिकायला मिळेल.