शीतपेटीतील रोहिणी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नेत्रदान हा शब्द आता भंडारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतही परिचयाचा झाला आहे. परंतु मृत मनुष्याची रक्तवाहिनीही दुसऱ्याच्या देहात उपयोगी पडते, असे म्हटले की पुष्कळांना नवल वाटते. लागलीच शंका निघते, 'गोठवून ठेवलेली वस्तू ती. तिच्यात बळ ते काय उरणार?' शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आपल्या विणकर समाजाला इतरांहून लवकर उमगावे.

रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणारी वाहिनी, ही निव्वळ नळी नव्हे. तिच्या भिंतीत दोन जातींचे धागे असतात. इलॅस्टिन लवचिक, ताणले की लांबते, सोडले की पूर्ववत होते. कोलॅजेन बळकट, पण एरवी ढिले, नागमोडी पडलेले. दाब वाढला म्हणजे ताठ होऊन भार उचलते. एकामुळे नाडीचा ठोका झेलला जातो, दुसऱ्यामुळे वाहिनी फुटत नाही. मोहाडी-आंधळगावकडे ज्याने मागावर कोशाचा धागा लावला आहे, त्याला ताणाचे हे गणित निराळे सांगणे नको.

अलेक्सिस कारेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच प्राण्यांच्या रक्तवाहिन्या थंडीत जपून पुन्हा जोडल्या. १९१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९४८ साली बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी शीतकपाटात जपलेल्या मानवी रोहिण्या रोग्यांना बसविल्याचे प्रसिद्ध केले. चार अंशांच्या थंडीत पेशी हळूहळू मरतात, धागे मात्र अधिक टिकतात. तरी ही मुदत आठवड्यांचीच.

दीर्घकाळ ठेवायचे तर गोठवावे लागते. तेथे वैरी थंडी नव्हे, बर्फाचे स्फटिक. म्हणून रोहिणी संरक्षक द्रावात भिजवून मिनिटाला सुमारे एक अंश अशा मंद गतीने थंड करतात, मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवतात. काढण्याची वेळ अधिक नाजूक. अतिथंड रोहिणी काचेसारखी असते. एकदम उष्णता लागली तर तडकते. उणे शंभर अंशांपर्यंत सावकाश उबविल्यास तडे टळतात, असे इंग्लंडमधील पेग व सहकाऱ्यांनी १९९७ साली सशांच्या रोहिण्यांवर दाखविले. २००६ साली माँटेव्हिडिओच्या संशोधकांना गोठवलेल्या मानवी मानेच्या रोहिण्यांच्या लवचिकतेत लक्षणीय फरक आढळला नाही.

ही रोहिणी लागते कोणाला? डेक्रॉनच्या कृत्रिम नळीत (तीही विणलेलीच, बरे!) जंतू शिरले तर ती काढावी लागते. त्याच दूषित जागी पुन्हा कृत्रिम नळी बसविणे धोक्याचे. अशा वेळी दान आलेली रोहिणी रोग्याचा पाय, कित्येकदा प्राणही वाचविते.

१९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. विदर्भातील अवयवदानाचा समन्वय नागपूरच्या विभागीय केंद्राकडून होतो. संकल्पाचा नमुना ७ आपण स्वतः भरतो; मृत्यूनंतरचा नमुना ८ मात्र घरच्या माणसांना भरावा लागतो. तेव्हा आज घरी गेल्यावर जेवणाच्या पंगतीतच हा विषय काढावा, एवढी माझी विनंती आहे.