बाँड मोडला म्हणून समन्स आलं तर

कोर्टानं भांडणाच्या केसमध्ये चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडलं, आणि आता अट मोडली म्हणून समन्स आलं, तर थेट जेल होते का?

थेट नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम ९ प्रमाणे कोर्टाला आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. अट मोडली असं ठरलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पण पहिलीच चूक असेल तर बाँड तसाच ठेवून ५० रुपयांपर्यंतच्या दंडावरही भागतं. तो मात्र मुदतीत भरायचा.

भिऊन माहेरी जाऊन बसू नका, वॉरंट निघेल. पावसात एसटी बंद होती, पोर आजारी होतं, म्हणून परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे जाता आलं नाही? मग दवाखान्याचा कागद, ग्रामपंचायतीचा दाखला काढून ठेवा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही.

वकिलाला पैसे कुठून आणू, असं आपण बायका लगेच म्हणतो. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला सरकारी खर्चानं वकील मिळतो. भोरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, नाहीतर १५१०० ला फोन लावा. जाताना समन्स आणि बाँडची नक्कल न्या. अटी नेमक्या काय लिहिल्यात, ते वकील आधी बघतील.